टॅबमधलं रान निम्म्या वाट्याने

रहाटणीत आमची बिल्डिंग उभी आहे तिथे आधी आमचंच रान होतं. लिफ्टच्या जागी कांदा व्हायचा. रान गेलं तेव्हा लोक विचारायला आले, वाईट वाटतंय का. मला वाटलं नाही. धारेला म्हशीखाली बसणं सुटलं, थंडीत पिकाला पाणी धरणं सुटलं. ज्यांना वाईट वाटतं त्यांनी कधी पाणी धरलेलं नसतं.

आता दुपारी मी आणि माझी थोरली जाऊ मोबाईलवर लुडो खेळतो. ती चाकणला लेकीकडे असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवरच आहे. तिला बोलायला माणूस लागतं आणि हरवायला मी लागते. लुडोचं बरं असतं. कुकरची शिट्टी झाली की उठावं, झोप आली तर आडवं व्हावं. फार तर आपली पाळी चुकते. पुन्हा बसलं की नवा डाव. जाऊ शिव्या देते, पण त्या ती लुडो नसतानाही देते.

मग सुनेने मला शेतीला लावलं.

ती घरी बसूनच कंपनीचं काम करते. तिच्या कंपनीतल्या बायकांनी एका शेतीच्या गेममध्ये गट केला होता आणि त्यांना एक बाई कमी पडत होती.

"आई, नुसतं नाव हवंय. आणि तुम्हाला तर शेतीचा अनुभव आहे."

नातवाचा जुना टॅब माझ्या हातात आला. त्यातला गहू चहा उकळेपर्यंत पिकतो. तो काढला नाही तर गाईंना चारा नाही, चारा नाही तर दूध नाही, दूध नाही तर गटाचा ट्रक अर्धाच भरतो. गटाची मुकादम माझी सून. लग्न होऊन आली तेव्हा तिला ज्वारीचं कणीस आणि गव्हाची लोंबी यातला फरक कळत नव्हता. आता ती आतल्या खोलीतून ओरडायची, "आई, तुमचा गहू तसाच उभाय. आपला गट मागे पडतोय."

"अगं, जेवतेय मी."

"एका हाताने होतं ते."

आमच्या खऱ्या रानातला मुकादमसुद्धा माणसाला भाकरी खाऊ द्यायचा.

अशा दोन-तीन दुपारी गेल्यावर जावेचा फोन आला.

"काल न्हाई, परवा न्हाई. कुठं उलथली व्हतीस?"

"धार काढत व्हते."

"कुणाची?"

"टॅबमधल्या गाईची."

जाऊ म्हणाली, "उद्या बसली न्हाईस तर लेकीच्या सासूला बसवते. ती बी खेळती. आन् हरली तर तुझ्यावानी रडत न्हाई."

त्या सासूला मी ओळखते. ती एकदा कुठे बसली की उठत नाही. माझी जागा गेली असती ती कायमचीच.

टॅब बंद करून ठेवावा, तर गटात बाई कमी पडणार आणि सून दिवाळीपर्यंत तोंड फुगवून फिरणार. मग आमच्या घरी माणसं कमी पडली की जे करायचे तेच मी केलं.

आमच्या खालच्या मजल्यावर परभणीकडचे एक गृहस्थ राहतात. सगळी हयात भोसरीत लेथवर गेली. आता घरी बसून आहेत, गॅलरीत रंगाच्या डब्यांमध्ये मेथी लावतात. मी टॅब त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"भाऊ, रान वाट्याने करता का?"

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "पाणी हाय का?"

"बक्कळ."

"लाईट?"

"जातच न्हाई."

"मग कामून देऊ लालात, आक्का?"

"मला येळ न्हाई. लुडो असतो."

"निम्म्यानं?"

"निम्म्यानं. बियाण्याचं तुमी बघा."

दुसऱ्या दिवशी मी लुडोला बसले. जावेने मला लागोपाठ हरवलं, तिचा राग गेला.

गट पहिला आला. सून खूश होती. मग एका दुपारी ती पाणी प्यायला बाहेर आली. मी सोफ्यावर घोरत पडले होते, आणि तिच्या मोबाईलमध्ये माझा गहू भराभर निघत होता. तिने मला हलवून उठवलं.

"आई, हे कोण करतंय?"

"वाटेकरी."

"गेममध्ये वाटेकरी नसतो, आई."

"मग गेम करणाऱ्याला शेती ठाऊक न्हाई."

तिला चिडायचं होतं, पण गट पहिला होता. संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "त्यांच्या ओळखीचं अजून कोणी आहे का? आमच्यातल्या एकीला जमत नाहीये."

परवा लुडो ऐन रंगात आला होता. माझी शेवटची सोंगटी घराच्या तोंडाशी होती. तेवढ्यात बेल वाजली. दारात खालचे गृहस्थ, हातात मेथीची जुडी.

"वाटा आणलाय, आक्का. त्यातलं दूध काही भाईर निघंना, म्हणून ही मेथी."

मी जुडी घेतली. नको वगैरे म्हटलं नाही. वाट्याला नको म्हणायची आमच्यात रीत नाही.

मोबाईलमधून जाऊ ओरडली, "कोण हाय गं?"

"वाटेकरी. वाटा द्यायला आलाय."

"रान इकून खाल्लं, तरी वाटा घेतीस व्हय?" असं म्हणत तिने माझी सोंगटी मारली.

आता सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघणार नव्हती. मी मेथी निवडायला घेतली. सहा पडेपर्यंत अर्धी जुडी निवडून झाली.