पायरीपुरता उजेड

माझ्या यजमानांना चाळिशीतच अंधारात दिसेनासं झालं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, हळूहळू वाढणारा आणि औषध नसलेला. दिवसा ते पेपर वाचत, बाजारात जात, कोणाला काही कळतही नसे. पण दिवेलागण झाली की त्यांचं जग दाराशी संपायचं. आम्ही कर्जतला, भिसेगावात भाड्यानं राहत होतो, तेव्हा संध्याकाळी कोणी बोलवायला आलं की हे म्हणत, "तुम्ही व्हा पुढे, मला जरा काम आहे." काम काही नसायचं. चारचौघांत माझा हात धरून चालणं त्यांना नको असायचं.

निवृत्तीनंतर आम्ही खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी घर बांधायला घेतलं. जागा उताराची. खाली रस्ता आणि फाटक, तिथून वळणं घेत वर जाणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, आणि माथ्यावर घर. जागा ह्यांनीच पसंत केलेली, अर्थात भर दुपारी. मला मात्र त्या पायऱ्यांची धास्ती होती. म्हणून मी आर्किटेक्टला बजावलं, "बाहेर भरपूर उजेड हवा. घराच्या कोपऱ्यांवर मोठे फ्लडलाइट लावून टाका." जवळच्या चौक गावातल्या इलेक्ट्रिशियनशी तसं बोलणंही झालं होतं.

आर्किटेक्ट जरा घुटमळला. म्हणाला, "मॅडम, फक्त बाहेरच्या दिव्यांचंच काम करणारी एक बाई आहे. वायरिंगच्या आधी एकदा बोलवूया का तिला?"

मला हसूच आलं. अंगणातल्या दिव्यांसाठी वेगळा माणूस! रिसॉर्टवाल्यांनी करावी असली हौस, असं मी घरी येऊन म्हटलं. हे म्हणाले, "येऊ दे की. बघू तरी काय सांगते."

ती मुद्दाम दिवस मावळायच्या बेताला आली. तिशी-पस्तिशीची, पायात मळलेले बूट, पाठीवर फुगलेली सॅक. घराकडे तिनं नीट पाहिलंसुद्धा नाही. सरळ ह्यांच्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, "काका, संध्याकाळी तुम्हाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते मला सांगाल?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न असा कोणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी तपासलं होतं, नातेवाईक हळहळले होते. हे आधी चाचरले, मग बोलतच सुटले. नळीतून पाहावं तसं दिसतं, बाजूचं काही कळत नाही. खाली उतरताना पायरी कुठे संपते ते समजत नाही. समोरून गाडीचा उजेड अंगावर आला की सगळं पांढरंफटक होतं, आणि गाडी गेल्यावर बराच वेळ काहीच दिसत नाही. "मला अंधारापेक्षा झगझगाटाची भीती जास्त वाटते," ते म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. आणि ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

काळोख पडल्यावर तिनं कामावरच्या लोकांना त्यांचा मोठा हॅलोजन लावायला सांगितला आणि ह्यांना म्हणाली, "चला, थोडं वर चढू." दोन-तीन पायऱ्यांतच हे थांबले, डोळ्यांवर आडवा हात धरून. तिनं लगेच हॅलोजन बंद करायला लावला. डोळे निवायला त्यांना पुरेसा वेळ दिला. मग सॅकमधून लहान लहान दिवे काढून पायऱ्यांच्या कडेला ठेवले. प्रत्येकावर टोपीसारखं झाकण. दिवा स्वतः कुठूनच डोळ्यांत येत नव्हता, नुसता दगडावर पडलेला पिवळसर उजेड दिसत होता.

"आता?"

ह्यांनी पाऊल टाकलं. मी हात पुढे केला, तर तिनं मानेनंच नको म्हणून खुणावलं. हे एक पायरी चढले, मग दुसरी. वळणापाशी थांबून म्हणाले, "अगं, कड दिसतेय मला. पायरीची कड दिसतेय."

फ्लडलाइटचा विषय तिथंच संपला.

पुढे ती बऱ्याचदा आली. पायऱ्यांचे दगड अजून नुसते मांडलेले होते; ते पक्के बसायच्या आधी तिनं वायरींसाठी पाइप टाकून घेतले, म्हणजे नंतर फोडाफोडी नको. प्रत्येक पायरीच्या कडेला फिकट दगडाची पट्टी लावायला सांगितली. दिव्यांमध्ये अंतर असं ठेवलं की मध्ये कुठेही काळोखाचा डबरा राहू नये. घरातली वीज गेली तरी पायऱ्यांचे दिवे बॅटरीवर चालू राहतील अशी सोय केली. आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती टिकते हे तिनं आधीच विचारून घेतलं होतं. मला पायऱ्यांजवळच्या आंब्याच्या झाडावर खालून उजेड सोडायची फार हौस होती. ती म्हणाली, "काकू, झाड छान दिसेल, पण काकांचे डोळे तिकडे दिपतील आणि पायरी हरवेल." मी हट्ट सोडला.

रस्त्यापलीकडे एका शेतकरी नवरा-बायकोचं घर आहे आणि त्याला लागून त्यांचं भात. रात्री उजेडात राहिलेलं भात उशिरा पोटरीला येतं, कणसं धरायला वेळ लावतं, म्हणून फाटकाचा दिवा कसा वळवायचा हे विचारायला ती त्यांच्याकडेही जाऊन आली. परतताना ओंजळभर काकड्या घेऊन आली.

घर झालं. हे रोज संध्याकाळी पायऱ्या उतरून फाटकापर्यंत जाऊ लागले, मी मात्र वरून लक्ष ठेवून असायचे.

मग भाद्रपदात एका संध्याकाळी वीज गेली. पाऊस नुकताच थांबला होता. वाळत घातलेले कपडे काढायला मी मागच्या बाजूला गेले आणि शेवाळावरून घसरले. पाय खाली मुडपला, कट्‌कन आवाज आला. उठताच येईना.

"अहो!" मी ओरडले. हे मागच्या दारात आले. "पुढे येऊ नका, निसरडं आहे. फोन लावा कोणाला तरी."

वीज गेली की आमच्याकडे फोनची रेंजही जाते. त्यांनी दोन-तीनदा लावून पाहिला. मग शांतपणे म्हणाले, "मी खाली जातो."

"एकटे?"

"पायऱ्यांवर उजेड आहे."

त्यांच्या चपलांचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग बेडकांच्या ओरडण्यात बुडून गेला. पायापेक्षा तो आवाज थांबल्यानंच माझा जीव घाबरा झाला. किती वेळ गेला कोण जाणे. मग खालून ह्यांची हाक आली, मोठ्यानं, शेजाऱ्यांच्या नावानं. इतक्या मोठ्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

शेजारीण आधी धावत आली, मागून तिचा नवरा. "काकी, रडू नका, आमी आलोय ना! काका एकलेच आले फाटकाशी. मी म्हनलं, हे कसं काय झालं!" मग नवऱ्याकडे वळून, "उभा काय रं, टेंपो काढ!"

दोघांनी मला उचलून पायऱ्यांवरून खाली आणलं, टेंपोत मागे गोणपाटं अंथरून झोपवलं आणि कर्जतच्या दवाखान्यात नेलं. वाटेत हे माझ्या उशाशी बसले होते. मग म्हणाले, "शेवटच्या वळणावर एक बेडूक बसला होता. मी त्याला वळसा घालून गेलो."

पाय ठणकत होता, तरी मला हसू आवरेना. ह्यांना बेडूक दिसला होता! शेजारीणही हसायला लागली, का ते तिला ठाऊक नसताना.

हाड मोडलं होतं, प्लास्टर झालं, पुढचे दोन महिने शेजारणीनं मला चूल पाहू दिली नाही. दवाखान्यातून आल्यावर मी त्या दिव्यांवाल्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "फाटकापाशी उजेड पुरला का?"

दिवाळीनंतर ती पुन्हा येऊन गेली. पावसात वाढलेल्या झुडपांनी काही दिवे झाकले होते, ते तिनं सारखे केले. जेवायला थांबली. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं तिनं आवडीनं खाल्लं. मी तिला म्हटलं, "तू आम्हाला काय दिलंस ते मला नीट सांगता येत नाही." ती म्हणाली, "काकू, मी फक्त दिवे खाली वळवले."

ती निघाली तेव्हा बाहेर अंधारलं होतं. मी काठी घ्यायला वळले, तोवर हे चपला घालून उठलेही होते. "तू बस," मला म्हणाले, "मी हिला फाटकापर्यंत सोडून येतो."