बांधावरचं ताट

"ओ पाव्हणं, जेवून जावा. येळवस हाय आज."

सासूनं रस्त्यावरच्या मोटरसायकलवाल्याला हात करून थांबवलं. ओळख ना पाळख. येरमाळ्याकडं निघालेला कुणीतरी. त्याला पुजंसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं पंगतीत बसवलं, माझ्या नवऱ्याच्या शेजारी. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, वाफवलेले बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. आग्रह करकरून वाढलं. त्यो म्हणला, भज्जी लई झकास झालीया.

केली व्हती म्या. अन् म्या बसले व्हते लांब बांधावर, ताट मांडीवर घेऊन.

त्यानं इचारलं, "त्या ताई न्हाईत का जेवायला?"

"ती व्हय? ती छत्तीसगडची," सासू म्हणली. "पोराला इकडं पोरगी गावंना, म्हणून आणलीया. जातकुळी कुणी बघितलीया तिची? पुजंच्या जागंला कशी बसवायची?"

पंगत हसली. माझा नवरा बी हसला.

ती माझी पहिली येळवस व्हती. मार्गशीर्षातल्या अमावस्येला इकडं सगळं गाव शेतात जेवतं, वाटंनं जाणाऱ्याला बी उपाशी सोडत न्हाय. तवा मला बोली धड कळत नव्हती. पर "आणलीया" कळलं. बाजारातनं शेरडू आणत्यात, तसं.

लगीन लावून आले व्हते म्या. माझ्या बापानं हात जोडून धाडलं व्हतं. हितं आल्या आल्या माझं नाव बदललं, अन् बदललेल्या नावानं बी कुणी हाक मारली न्हाय. ए छत्तीसगड. ए भातखाऊ. माहेरी तिन्ही टायमाला भात. हितं ज्वारीची भाकरी. थापताना मोडायची, तव्यावर टाकताना बोटं भाजायची, अन् सासू शेजारणीला बोलावून दावायची, बघा आमची सून. हळूहळू भाकरी जमली. बोली जमली. बोली कळंना तवाच बरं व्हतं. कळाया लागली अन् डोक्यात जाळ झाला.

तरी दर येळवशीला म्या बांधावरच बसले. वाटायचं, हितली रीतच असंल. आपुन परमुलखातलं.

मंग गेल्या साली ते झालं. माझी पोरगी आता पहिलीत हाय. हितंच जन्मली, हितलंच बोलती. आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन म्याच शेतात आले, कोपीपाशी उतरवलं, अन् बांधावर जाऊन बसले. सासूनं ताट पोरीच्या हातात दिलं. पोरगी आली. चार हात लांबच थांबली. ताट भुईवर ठिवलं अन् माझ्याकडं सरकवलं.

"जवळ ये की गं," म्या म्हणलं.

"नगं. आजी म्हणली, तू आपली न्हाईस."

अन् पळाली पंगतीकडं.

माझ्या पोटची पोर. सासूचं बोलणं गिळलं, नवऱ्याचं हसणं गिळलं. हे न्हाय गिळवलं. आलं ते रडू नव्हतं. राग व्हता. इतक्या सालाचा.

ताट उचललं. कोपीकडं गेले. त्या साली बी वाटंवरचा एक पाव्हणा बसला व्हता. त्याच्या अन् पोरीच्या मधी बसले.



"ऊठ," सासू म्हणली. "पूजा बाटंल."

"ऊठ म्हणत्यात न्हवं," नवरा म्हणला.

म्या सासूकडं बघितलं. सासूला इकडं आत्या म्हणत्यात. "आत्या, ह्या पाव्हण्याची जात इचारली का तुमी? आधी त्याला उठवा. मंग म्या उठते."

पाव्हण्याचा घास हातातच ऱ्हायला. कुणी त्याला उठवलं न्हाय. म्या जेवले. ताट पुसून खाल्लं. पोरगी टकामका बघत व्हती. बघू दे म्हणलं.

घरी आल्यावर नवऱ्यानं हात उचलला. म्या मनगट धरलं, सोडलं न्हाय. भाकरी थापून थापून ह्या हातात जोर आलाय, तुमच्याच घरी.

तवापासनं सासू माझ्याशी बोलत न्हाय. नगं बोलू. येळवस परत आलीया. भज्जी म्याच करीन, बिंदगं म्याच न्हेईन, अन् बसंन कोपीपुढं, पोरीच्या मांडीला मांडी लावून. बांधावर एक जरी ताट मांडायचं म्हणलं, तर चूल पेटणार न्हाय. मंग बोलवा वाटंवरच्या पाव्हण्यांना, अन् सांगा त्यांना रिकामी पंगत का हाय ते.