शकूबाय आणि देवाचा जामीन

डिचोलीला शकूबाय वकिलिणीच्या दाराबाहेर एक मोठा खिळा होता. शिकायला येणाऱ्या नव्या वकिलांनी काळा कोट त्याला टांगायचा आणि मगच आत यायचं. "कोट भायर. जी बायल हंय येता, तिच्या घरात बोंब मारणारो एक आसा, दुसरो नको," असं ती म्हणायची. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांचे खटले फुकट कसे लढवायचे, हे ती दर शनिवारी या पोरांना शिकवी. फुकट म्हटल्यावर पोरं जरा सैल बसत. "फुकट म्हणजे अर्धवट न्हय रे बाबा," हे मग त्यांना ऐकावं लागे.

मी चौथी शिकलेली. कायद्यातलं मला काही कळत नाही. माझी लेक शालन मोडका हात घेऊन पार्श्याच्या सासरहून माहेरी आली, म्हणून मी तिथे गेले. शकूबायनं तिला एका तरुण वकिलासमोर बसवलं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "त्यांना राग येईल असं तुम्ही काही बोलला होता का?"

"ऊठ," शकूबाय त्याला म्हणाली. "तू नवऱ्याचो वकील हो. थंय पैसेय मिळतले."

तो उठला नाही, एवढं बरं केलं.

तक्रार तयार झाली, पण शालन सही करीना. सासूनं गावच्या देवळात कौल लावला होता आणि परत नांदायला जा, असा देवाचा हुकूम आला होता. तरुण वकील हसला. शकूबाय हसली नाही.

"सासून देवाक नेमका काय विचारल्यान?"

"'सुनेन आपल्याच घरात रवाचा मा?' असा विचारल्यान," शालन म्हणाली.

शकूबाय पोरांकडे वळली. "साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालूचा नाय, म्हणून शिकलात मा? मग देवाच्या तोंडात घातलेला चालता?"

सोमवारी आम्ही सगळे पार्श्याच्या देवळात गेलो. सासूही आली. गुरवानं देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. या वेळी शालननं स्वतः विचारलं, "मी परत गेलंय तर तो माका मारूचो नाय, ह्याची हमी तू देतस?"

दुपार झाली तरी एकही पाकळी हलली नाही. गुरव घामाघूम झाला. सासू म्हणाली, "पाणी जास्त लावलास."

शकूबाय गुडघ्यांवर हात टेकून उठली. "जामीन रवाक देवसुद्धा तयार नाय. सही कर गो."

देवळाच्या पायरीवर शालननं डाव्या हातानं सही केली. कागद हलू नये म्हणून त्या दिवशी हसलेल्या वकिलानं तो धरून ठेवला होता. खटलाही त्यानंच लढवला. कोर्टानं नवऱ्याला घराबाहेर काढलं आणि शालनला त्या घरात राहायचा हक्क दिला. सासू तिथेच राहिली. ती शालनच्या हातचं जेवते आणि गावभर सांगते, कौल खरा ठरला, सून आपल्याच घरात राहिली.

शकूबाय वारली तेव्हा त्या एका खिळ्यावर सगळे कोट मावेनात. पोरं कोट हातात घेऊन उन्हात उभी राहिली. मला रडणं जमत नाही. मी त्यांना पाणी दिलं.

संध्याकाळी मयताला आलेली शालन पार्श्याला परत निघाली. सोबतीला मीही चपला घातल्या, तर म्हणाली, "तू कित्याक गो आये?"

मी चपला काढल्या.