निरुपमाबाईंचे सात शेरे

मांडवीजवळच्या शाळेत निरुपमाबाई सव्वीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. पेपर तपासायची त्यांची एकच तऱ्हा. बरोबर असेल तिथं बारीकशी टिक, चूक असेल तिथं समासात लालभडक शेरा. बेनना, म्हणजे बाईंना, चुकीचा वासच येतो, असं पोरं म्हणायची.

फतेगंजच्या त्यांच्या बिल्डिंगीत खालच्या मजल्यावर बळवंतराव राहायचे. बाजव्याच्या बाजूला रिफायनरीत मीटर दुरुस्त करणारा हा माणूस. पण त्र्याण्णव साली त्यांनी गुजरातीत एक अंतराळयानाची गोष्ट लिहून अहमदाबादच्या टीव्हीवाल्यांना पाठवली, आणि त्यांनी तिचा चक्क एपिसोड केला. आणखी चार भाग द्यायचे की नाही, हे ठरवायला त्यांनी विज्ञानाच्या शिक्षकाचं गुणदोषांचं पत्र मागवलं. बळवंतराव बाईंच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुमच्याशिवाय कोण लिहिणार, बाई? अन् माझ्याकडे बघून नका लिहू हं. खरं तेच लिहा."

बाईंनी खरं तेच लिहिलं. इंधन संपल्यावर यान जागच्या जागी थांबतं. अवकाशात अडवणारं कोणी नसतं, ते चालतच राहील. हवा नाही तिथं स्फोटाचा धडाका ऐकू येतो. यानातल्या निरांजनाची ज्योत सरळ उभी राहते; वजनच नाही तिथं ती गोल होईल. असे सात शेरे, क्रमांक घालून.

एक मात्र लिहिलं नाही. यानातल्या मुलाचं उत्तर पृथ्वीवर यायला अकरा मिनिटं लागतात. वाट बघून दमलेली आई शेवटी विचारते, जेवलास का रे, आणि आपणच म्हणते, जेवला असशील. टीव्हीवर त्या प्रसंगाला बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या होत्या आणि नळ सोडून रडल्या होत्या. त्यांचा मुलगा उत्कर्ष अमेरिकेला गेल्याला वर्ष झालं होतं. पण टिक काय कोणी पत्रात लिहितं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि पाकीट चिकटवलं.

दोन महिन्यांनी नकार आला, सोबत बाईंच्या पत्राची नक्कल. आता हा माणूस भांडायला येणार, म्हणून बाई धास्तावल्या. बळवंतराव आले ते वही-पेन घेऊन.

"ते यान थांबत नाही, ते जरा समजावून द्या ने. पुढच्या वेळी चूक नको व्हायला."

पुढची वेळ येणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाईंनी वहीत बाण काढले, नियम सांगितला. बळवंतराव शाळकरी पोरासारखे मान डोलवत होते. बाईंच्या हातातलं पेन थांबलं.

"बळवंतराव, ती आई," त्या म्हणाल्या, आणि नळापर्यंतचं सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

बळवंतरावांनी वही मिटली. "हे पत्रात नव्हतं."

"नव्हतं."

"का, बाई?"

"लाज वाटली. शिक्षिकेनं रडले म्हणून कसं लिहायचं?"

बळवंतरावांनी वही खाली ठेवली. मग उठून जिन्यात गेले आणि कठड्यावरून खाली वाकले.

"कांचन, गॅस बंद कर नि वर ये. बाई आईच्या सीनबद्दल काय म्हणतात, ते ऐक."

कांचनबाई पदराला हात पुसत आल्या. निरुपमाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नवराबायको निकाल ऐकावा तशी शेजारी शेजारी बसून ऐकत होती. सगळं सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पत्रात त्याच्या फार तर तीन ओळी झाल्या असत्या.