पेशीवाल्या मॅडम

आम्ही तिघं-चौघं ढोके मॅडमचे जुने विद्यार्थी. कुणी अकोल्यात शिकवतो, कुणी अमरावतीत. अकोल्यात जठारपेठेत माझ्या घरी जमलो की पाच मिनिटं प्रमोशनचं रडगाणं होतं, मग कुणीतरी मॅडमचं नाव काढतं. झालं! चहा दुसऱ्यांदा ठेवावा लागतो. एका लॅबमध्ये पाच-सहा वर्षं काढली की किस्से साचतातच. आमच्याकडे जरा जास्त साचले, कारण लॅब फारच लहान होती.

*

मॅडम शेंदूरजनाघाटच्या. घरी संत्र्याचा बगीचा. पीएच.डी.ला लागल्या तेव्हा वडिलांनी गावभर कौतुकानं सांगितलं, "पोरगी अमरावतीले पेशीवर काम करून राहिली!"

सजीवाचं शरीर ज्या बारीक बारीक पेशींचं बनतं, त्या पेशी, हे लेकीनं वडिलांना नीट समजावलं होतं. गावाला मात्र पेशी एकच ठाऊक. कोर्टातली तारीख!

दिवाळीला मॅडम घरी गेल्या, तर शेजारची मावशी हळूच जवळ आली. "बाई, घाबरू नको. चार वर्षं झाले, पेशी चालूच हाये म्हन्ते. आमच्या जावयाचा वकील लय भारी हाये. त्याले सांगू का?"

मॅडम म्हणाल्या, "राहू दे मावशी. आता निकालच लागते!"

*

नोकरीची पहिली वर्षं मॅडम अकोल्यात होत्या. काळ्या मातीत पाणी तुंबलं की संत्र्याच्या मुळांतल्या पेशी कशा मरतात, हा त्यांचा विषय. पहिला मोठा पेपर परदेशातल्या जर्नलला पाठवला. तिकडून परीक्षकाचा शेरा आला : रोपं खोलीच्या तापमानाला ठेवली असं म्हटलं आहे आणि तापमान लिहिलं आहे बेचाळीस अंश. ही टायपिंगची चूक दिसते, दुरुस्त करावी.

मॅडमनी एका ओळीत उत्तर धाडलं. "चूक नाही, मे महिना आहे!"

पेपर छापून आला. बेचाळीससकट.

*

पुढे मॅडम अमरावतीला आल्या आणि आम्ही त्यांच्या हाताखाली. कांद्याच्या मुळांच्या टोकाला पेशींचं विभाजन छान दिसतं, म्हणून खिडकीत पाण्याच्या ग्लासांवर कांदे ठेवून आम्ही मुळं वाढवायचो. पुंडलिकभाऊ तेव्हा लॅब अटेंडंट म्हणून नवेच आले होते. एका सकाळी लॅबमध्ये पाऊल टाकलं, तर पोह्यांचा घमघमाट! खिडकीत ग्लास बारा, कांदा एकही नाही.

"पुंडलिकभाऊ, कांदे?" मॅडमनी विचारलं.

"पोह्यात टाकले ना! पन मुळं कापून बशीत अलग ठेवली, मॅडम. तुमाले मुळंच पायजे राह्यते ना?"

मुळं बशीत सुकून गेली होती, आठ दिवसांचं काम गेलं होतं. मॅडमनी बशी बाजूला सरकवली. मग स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "निंबू हाये का?"

*

एक किस्सा माझाच आहे, आणि तो सांगताना मला अजून हसू येत नाही.

आमचा संत्र्याच्या मुळांवरचा दुसरा पेपर छापून आला. नंतर जुन्या स्लाइड आवरताना माझ्या लक्षात आलं, दोन स्लाइडांची लेबलं मी उलटी लावली होती. म्हणजे पेपरात एका फोटोच्या जागी दुसराच! निष्कर्ष बदलत नव्हता, पण फोटो खोटा होता. आठ दिवसांवर मॅडमचा प्रोफेसरपदाचा इंटरव्ह्यू, आणि अर्जात हाच पेपर सगळ्यांत वर. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, आणि भीतीनं वर हेही म्हणाले, "मॅडम, कुणाच्या लक्षात नाही येणार."

"तुह्या आलं ना?"

त्याच दुपारी त्यांनी जर्नलला पत्र लिहिलं, एक प्रत इंटरव्ह्यूच्या समितीलाही धाडली. त्यात "चूक माझी" असं वाचून मी म्हटलं, "मॅडम, चूक तर माझी आहे." त्या म्हणाल्या, "गाइड कोन हाये?"

इंटरव्ह्यूत त्या दुरुस्तीवरच प्रश्न आले. पद त्या वर्षी दुसऱ्याला गेलं. मॅडम परत आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि मला एवढंच म्हणाल्या, "उद्याच्या स्लाइडा लावल्या का? लेबल दोनदा पाह्यजो."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. लेबलं तीनदा पाहिली.

*

तोच पेपर, दुरुस्तीसकट, पुढे जगभरच्या संत्रावाल्यांनी उचलला. त्यापायी एक दिवस स्पेनचे एक म्हातारे प्राध्यापक नागपूरहून गाडी करून मॅडमना भेटायला आले. यायचे होते दुपारी, हजर झाले सकाळी साडेदहाला! मॅडम क्लासवर. लॅबमध्ये मी आणि पुंडलिकभाऊ.

पाहुण्यांनी खोली बघितली. एक टेबल, एक फ्रिज, जुन्या लुगड्याच्या कापडाची खोळ घातलेला एक मायक्रोस्कोप. दोन मिनिटांत बघून झालं. मग फार अदबीनं त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "छान. आणि बाकीची लॅब कुठे आहे?"

मी पुंडलिकभाऊंकडे बघितलं.

"काय म्हणून राहिले ते?" पुंडलिकभाऊंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हात पुसले, व्हरांड्याकडे बोट केलं आणि म्हणाले,

"त्याइले सांगा, बाकीची लॅब फर्स्ट इयरच्या क्लासवर गेली हाये. घंटा झाली का येते!"

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. प्राध्यापकांनी स्टूल पुढे ओढलं आणि घंटेची वाट बघत बसले.