बग्गी ओढणारा जेबेझ

जेबेझ टकेटचा गुडघा नांगरामागं मुरगळला तो मुरगळलाच. नांगर सुटला, म्हणजे घरही सुटलं. कारण हार्कम गावातली झाडून सगळी घरं ट्रेसिलम घराण्याची. घर कामाबरोबर यायचं, कामाबरोबर जायचं. सुगी आटोपली की घर रिकामं कर, असं कारभारी क्रॉफ्टनं सांगूनच ठेवलं होतं. पुढं उरला सरकारी गरीबखाना. तिथं बायका एका अंगाला, बापये दुसऱ्या. आणि थिर्झाशी लग्न लागल्यापासून जेबेझ तिच्यावाचून एकदाही निजला नव्हता.

अशात धाकले मालक पार्लमेंटात निवडून आले. पणजा मंत्री, आजा मंत्री, बाप मंत्री. त्या घरात पोरगं पाळण्यातून उतरायचं तेच भाषण करत. रिवाज असा, की जिंकलेल्या मालकाच्या बग्गीचे घोडे वेशीवर सोडायचे आणि हवेलीपर्यंतचा चढ कुळांनी ओढायचा. जेबेझनं दाटीत घुसून अगदी चाकापाशी दोर धरला.

"काय रं लंगड्या," एफ्रेम लोहार म्हणाला, "घोडी सुटली नि तू जुपलास?"

"मालकास्नी घराचं इचारायचंय. हितनं ऐकू जाईल."

"इचार की. पर मागं वळलास तर चाक अंगावर घेशील, लेका."

आणि खरंच, मागं वळायची सोयच नव्हती. मालक हाकेच्या अंतरावर, पण ओढणाऱ्याची पाठ त्यांच्याकडं आणि तोंड चढाकडं. वर बँडचा दणदणाट. जेबेझ जीव खाऊन ओरडला, "मालक! वो मालक!" लोकांना वाटलं जयजयकारच करतोय. सगळ्यांनी तेच उचलून धरलं, "मालक! मालक!" त्याचा आवाज त्यात कुठल्या कुठं गेला.

हवेलीच्या पायऱ्यांशी मालक उतरले आणि त्यांनी आपण होऊन त्याचा चिखलाचा हात हातात घेतला.

"नाव काय तुझं?"

"टकेट, सरकार. घराचं जरा..."

"टकेट! तुझ्या बापानं आमच्या आजोबांची बग्गी ओढली होती. वडील नेहमी सांगायचे." त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. "तुम्ही माणसं आहात म्हणून आम्ही आहोत. क्रॉफ्ट, याच्याकडे बघा बरं का!"

"बघतोच की, सरकार," कारभारी लवून म्हणाला.

मालक पायऱ्या चढून गेले. क्रॉफ्ट हळूच वळला. "नवा नांगऱ्या यायचाय. जाताना चुलीतली राख तेवढी काढून ठेव."

जेबेझ उतारानं खुरडत घरी आला. थिर्झा दारातच होती.

"बोललासा?"

"बोललो."

"मग?"

"माझ्या बापाची याद काढली त्यांनी."

"मग त्यालाच इचारा, मसणात जागा हाय का दोघांस्नी," थिर्झा म्हणाली आणि आत गेली. घरात घोंगड्या दोनच. एक तिनं त्याच्या गाठोड्यात घातली, दुसरी आपल्या. गाठी मात्र त्यालाच माराव्या लागल्या. तिची बोटं चालेनात.