पन्नासावा दाणा

“एकाहत्तर… बाहत्तर… त्र्याहत्तर…”

चाचांच्या दुकानात शिरताना हे ऐकू आलं की तोंड मिटायचं आणि दाराशी टाकलेल्या जुन्या टायरवर मुकाट बसायचं, हा मोताळ्यातला नियम होता. कोणी लिहून लावला नव्हता. पण आठवडी बाजाराला पहिल्यांदा आलेल्या माणसालाही तो दोन मिनिटांत कळायचा. चाचा जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. विहिरींवर मोटारी तेव्हा नुकत्याच बसू लागल्या होत्या, आणि बसल्या तशा जळतही होत्या. जळकी तार काढायची, नवी मोजून गुंडाळायची, हे त्यांचं काम. शंभर वेढे झाले की बशीत ज्वारीचा एक दाणा टाकायचा. बशी मांडली म्हणजे चाचा माणसांत नाहीत असं समजायचं.

तरी एखादा उतावळा विचारायचाच, “चाचा, माही मोटर झाली का?”

चाचा मान वर न करता म्हणायचे, “चौऱ्याहत्तर.”

आता तुम्ही म्हणाल, हे काय उत्तर झालं? पण सगळं उत्तर त्या सुरात असायचं. खाली उतरलेलं चौऱ्याहत्तर म्हणजे झाली, घेऊन जा. लांबवलेलं म्हणजे पुढच्या बाजारी ये. आणि दातांत आवळलेलं असेल तर डोकं खाऊ नको. कचेरीतल्या एका साहेबांना त्यांनी नुसत्या एक्क्याण्णववर टायरवर बसवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. साहेब शंभर होईपर्यंत हलले नाहीत.

बशी नसली की मात्र चाचा बोलके. मोटार आली की आधी तिला उघडायचे नाहीत. चालू करून पेचकसाचं टोक तिच्या अंगाला लावायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मोटारवाला आपलं गाऱ्हाणं सांगू लागला की हात वर करून म्हणायचे, “तू थांब. आधी तिले बोलू दे.”

माझी गिटारही त्यांनी अशीच ऐकली.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी जिनिंगमध्ये कारकून होतो आणि आमच्या पाच जणांच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. सबंध तालुक्यात तशी गिटार एकच आणि ती माझी, याचा मला केवढा माज होता ते आज सांगायला लाज वाटते. कलकत्त्याची होती, दोन हात फिरून माझ्याकडे आलेली. एकच खोड होती तिला. वाजवायला हात लावला नाही तरी ती वाजायची. स्पीकरमधून सारखी घूंऽऽ अशी गुणगुण. ट्यूबलाइट लागली की ती आणखी चढायची. एका लग्नात वरबापानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “मागं पिठाची गिरनी आहे का हो?”

ऑर्केस्ट्राचे प्रमुख आमचे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि आमच्यात हार्मोनियम वाजवायचे. त्यांनी एक दिवस सरळ सांगितलं, “शेगावच्या लग्नात ही गिरणी वाजली, तर पुढच्या कार्यक्रमापासून तुझ्या जागी अकोल्याचा अ‍ॅकॉर्डियनवाला.” शेगावच्या लग्नाला पंधरा दिवस होते. त्या रात्री मी जेवलो नाही. दिवसभर कापसाच्या गाठींचे आकडे लिहिणाऱ्या माणसाजवळ ती गिटार सोडून दुसरं होतं काय?

दुसऱ्या दिवशी सायकलला गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर बांधून चाचांकडे गेलो.

“काऊन बे, आज ढोलकीले मोटर बसवाची का?”

“चाचा, ही गुणगुणते.”

“आधी तिले बोलू दे.” त्यांनी पेचकस स्पीकरला टेकवला, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ तसेच बसले. मग म्हणाले, “हा आवाज गिटारचा नाहीच. लाइनीचा आहे. जी गुणगुण माह्या मोटरीत आहे, तेच इच्यात घुसून राह्यली.”

गिटारच्या तारांखाली एक छोटी डबी असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. चाचांनी ती उघडली आणि त्यांचा चेहरा फुलला. मोटारीचंच पोरगं निघालं ते. मी त्यांना सांगितलं की मुंबईच्या एका वादकाकडून ऐकलंय, विलायतेत एका डबीत दोन गुंडाळ्या असतात, त्याला हंबकर म्हणतात, आणि ती डबी गुणगुणत नाही. का गुणगुणत नाही ते त्या वादकालाही ठाऊक नव्हतं.

“दोन कायले?” चाचांनी विचारलं. ते मला नव्हतं, स्वतःलाच होतं. दोन दिवस ते हाच प्रश्न घेऊन फिरत होते. चाची म्हणाल्या, भाजीत मीठ नव्हतं तरी यांनी तीन भाकरी खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी मला पाहताच त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मोटारीत एखादी गुंडाळी चुकून उलटी जोडली गेली की ती शेजारच्या गुंडाळीचं काम मारते आणि मोटार जागेवर नुसती उभी राहते. या चुकीपायी त्यांनी आपल्या उस्तादाचा मार खाल्ला होता. चाचा म्हणाले, “पाह्य, तेच चूक आपन जानूनबुजून कराची. एक सुलटी, एक उलटी. एकीची गुणगुण दुसरी मारन. पन दोघींचे येढे बराबर पाह्यजेत. कमी-जास्त झाले तं उरली गुणगुण तुह्या नशिबाले.”

खामगावच्या एका रेडिओवाल्याकडून मी बारीक तार आणली. फायबरच्या एकाच तुकड्यातून चाचांनी दोन सारख्या चौकटी कापल्या. हातानं फिरवायचा छोटा रहाट केला. पाच हजार वेढे, म्हणजे पन्नास दाणे. एका दुपारी पहिली गुंडाळी झाली, बशीत पन्नास दाणे नीट मोजले. दुसऱ्या दुपारी दुसरी सुरू केली. बशीशेजारी डब्यात मेण पातळ करून ठेवलं होतं, कारण गुंडाळी नंतर मेणात बुडवायची होती. मी टायरवर बसून होतो. श्वाससुद्धा बेतानं घेत होतो.

“अठ्ठ्याण्णव… नव्याण्णव… शंभर.” चाचांनी शेवटचा दाणा टाकला, पाठ सरळ केली आणि बशी मोजली. एकोणपन्नास. पुन्हा मोजली. एकोणपन्नास.

आणि नेमकी त्याच वेळी चाचींची तांबडी कोंबडी उंबरठ्यावर उभी. मान तिरपी करून बशीकडे पाहत.

चाचा तिच्याकडे बघत राहिले. “हिनंच खाल्ला.”

चाची आतून आल्या. “माही कोंबडी तशी नाही. तुमचंच मोजनं चुकलं असन.”

वर्षानुवर्षं वेढे मोजणाऱ्या माणसाला असं बोलायचं म्हणजे काय, विचारा. चाचांचे कान लाल झाले. खरा प्रश्न माझा होता. कोंबडीनं दाणा खाल्ला असेल तर वेढे पुरे होते. खाल्ला नसेल तर गुंडाळी शंभर वेढ्यांनी कमी. ती उलगडून मोजावी तर तार इतकी बारीक की तुटणार. आणि लग्न चार दिवसांवर.

चाचांनी दोन्ही गुंडाळ्या रुमालात घेतल्या आणि शेजारच्या सोनाराकडे गेले. मी मागोमाग.

सोनार म्हणाला, “चाचा, या काट्यावर मी सोन्याबिगर काही ठेवत नाही. वडिलांपासूनची रीत आहे.”

“रीत माहीत आहे मले,” चाचा म्हणाले. “पन या पोराची इज्जत आहे याच्यात. ते का सोन्याहून हलकी आहे?”

सोनारानं काट्याला नमस्कार केला, काचेचं दार उघडलं आणि एकेका पारड्यात एकेक गुंडाळी ठेवली. काटा डुलला. डुलत डुलत मधोमध उभा राहिला. सोनारानं तांदळाचा एक दाणा एका पारड्यात टाकून पाहिला, तर ते लगेच झुकलं. दाणा काढला, पुन्हा बरोबर. म्हणजे वेढे सारखे होते. मला सोनाराच्या पाया पडावंसं वाटलं.

“पाह्यलं?” परत येताना चाचा म्हणाले. “सोनाराच्या काट्यानं साबित झालं. कोंबडी चोर आहे.”

त्याच संध्याकाळी त्यांनी उंबरठ्यावर गुडघ्याएवढी फळी आडवी ठोकली, कोंबडी आत येऊ नये म्हणून. कोंबडी त्यावरून उडून यायची. अडखळायचे ते चाचाच, कारण त्यांचा उजवा गुडघा दुखायचा. दर वेळी पाय उचलून आत येताना म्हणायचे, “कोंबडीची मेहरबानी.”

मेणात बुडवून, पत्र्याचं झाकण चढवून डबी बसवली. मी अ‍ॅम्प्लिफायर लावला. गुणगुण साफ गेलेली. आनंदानं तार छेडली, तर गाणंही गेलेलं. डासाच्या आवाजासारखं काहीतरी बारीक निघालं. माझा चेहरा पाहून चाचींनी गुपचूप चहा ठेवला. चाचा मात्र फळीवर बसून विचार करत होते. चहा निवला. मग ते उठले, दुसऱ्या गुंडाळीतलं लोहचुंबक बाहेर काढलं आणि खालचं तोंड वर करून परत बसवलं.

“आपन लाइनीची गुणगुण मारली, तिच्यासंगं तारेचा सूरही मारला. आता चुंबक उलटा केला. सूर दोघींचा एक होईन, गुणगुण एकमेकीले मारन. छेड.”

मी छेडली. तो आवाज मला अजून आठवतो. दुप्पट जाड, गरम, आणि मागं काही नाही. नुसती शांतता. चाचांनी पेचकस स्पीकरला लावला, मूठ कानाला. “आता हे काहीच बोलत नाही,” ते म्हणाले, आणि हसले.

शेगावच्या लग्नात मांडवाला ओळीनं ट्यूबलाइट लावल्या होत्या. मी गिटार जोडली. मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, “स्विच लाव ना.”

“लावलाय.”

“मग आवाज कुठाय?”

मी एक सूर वाजवला. मास्तर हार्मोनियमवर तसेच थांबले, मग मान हलवून म्हणाले, “बरं.” मास्तरांचं ‘बरं’ म्हणजे काय ते आमच्यापैकी कोणालाही विचारा. मांडवाच्या खांबाशी चाचा उभे होते. खिशात पेचकस घेऊन, एसटीनं एकटे आले होते. म्हणाले, गजानन महाराजांच्या गावी एक मोटार पाहायची होती. त्या दिवशी शेगावात त्यांनी कुठलीही मोटार पाहिली नाही, एवढं मला माहीत आहे. अकोल्याच्या अ‍ॅकॉर्डियनवाल्याला मास्तरांनी नंतर कधी बोलावलं नाही. मी पुढं अठरा वर्षं वाजवलं.

पुढं माझी बदली झाली, लग्न झालं, ऑर्केस्ट्रा मोडला. तरी मोताळ्याला गेलो की फळी ओलांडून चाचांकडे जायचोच. कोंबडी केव्हाच गेली होती. फळी होती. “आता काढा की ती,” मी म्हणायचो. चाचा म्हणायचे, “तिच्या पोटात माहे शंभर येढे गेले. इतकी सजा पाह्यजेच.” सजा कोण भोगत होतं ते तुम्हीच बघा. एका उन्हाळ्यात चाचा गेल्याचं मला उशिरा कळलं. मातीला जाता आलं नाही, याची टोचणी अजून आहे.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तीही गिटार वाजवते, माझ्याहून बरी. मागच्या दिवाळीत तिनं माझी जुनी गिटार मांडीवर घेतली. “बाबा, हिला नवीन हंबकर टाकू. मी आणलाय,” म्हणाली. मी हो म्हटलं. जुनी डबी काढण्याआधी तिनं मीटर लावून पाहिला आणि भुवया वर केल्या. “दोन्ही कॉइल अगदी सारख्या आहेत. कुठल्या कंपनीचा आहे हा?”

“मोताळ्याचा,” मी म्हटलं.

आत काय आहे ते बघायला तिनं पत्र्याचं झाकण जरा गरम केलं. मेण पाघळलं. तिनं चिमट्यानं काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

“बाबा, यात ज्वारीचा दाणा कसा?”

मी त्या दाण्याकडे बघत राहिलो. मेणाचा डबा बशीला लागूनच होता. चाचांच्या हातून दाणा बशीत न पडता मेणात पडला, आणि मेणाबरोबर डबीत गेला. मोजणं बरोबर होतं. काटाही बरोबर होता. चूक फक्त निकालात होती. मी इतका हसलो की मुलगी घाबरली, आणि मग मला रडू आलं. गिटारवर दुसऱ्या डबीसाठी एक जागा पहिल्यापासून रिकामी होती, तिथं तिनं नवा हंबकर बसवला. चाचांची डबी होती तिथंच आहे.

दुसऱ्या आठवड्यात दाणा कागदाच्या पुडीत घेऊन मी मोताळ्याला गेलो. दुकान बंद आहे, मागच्या घरात चाची एकट्या राहतात. दुकानाच्या दारातून आत जाताना मी पाय उंच उचलला. फळी तिथं नव्हती.

“काढली ते,” चाची आतून म्हणाल्या. “म्या पडता पडता वाचली मांगच्या साली. बस बेटा.”

मी पुडी उघडली, दाणा दाखवला आणि तो कुठं निघाला ते सांगितलं. चाचींना आता कमी दिसतं. त्यांनी तो बोटांनी चाचपला.

“म्या तं तवाच म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “माही कोंबडी तशी नाही.” मग दाणा मुठीत धरून म्हणाल्या, “आता हे त्याइले कोन सांगन?”

चाची उठल्या, कोनाड्यातून चाचांची जुनी, टवका उडालेली बशी काढली, पदरानं पुसली आणि तो दाणा तिच्यात टाकला. बारीकसा आवाज झाला.

“झाले पन्नास,” त्या म्हणाल्या. आणि सूर अगदी चाचांचा होता, खाली उतरलेला.